रोजचं गुड मॉर्निंग

मंडळी, आज मंडईत शाळेपासूनचा मित्र विन्या भेटला. रोज सकाळी मला गुलाबाच्या फोटोसकट ‘गुड मॉर्निंग’ पाठवणारा.

मूळ इंग्रजीत तो आशीर्वाद होता म्हणे, ‘देव तुला चांगली सकाळ देवो’. मी तो तसाच घ्यायचो, मनापासून उत्तरं लिहायचो. आईचं आजारपण त्यालाच कळवलं. गेल्या महिन्यात ‘आई गेली रे’ हेही तिथेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी गुलाब आला. वाटलं, बिचाऱ्याला शब्द सुचले नसतील.

आज भेंडी निवडताना विन्या म्हणाला, "काकू कशा आहेत? अळूवड्या खायला येतो एकदा."

म्हणजे एकही उत्तर त्याने वाचलं नव्हतं.

उद्या पुन्हा गुलाब येईल. मी काय लिहू, ‘सेम टू यू’?