संपलं म्हणायचं नाही

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तोवर जेवढी भित्री माणसं मी पाहिली, ती सगळी तराजूच्या एका पारड्यात आणि आमचे व्याही एकटे दुसऱ्या पारड्यात बसवले असते, तर व्याह्यांचं पारडं जमिनीला टेकलं असतं. तेही व्याही बसले असते तर! ‘साखळी तुटणार नाही ना हो?’ असं विचारत ते आधी खालीच उभे राहिले असते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पंचवटीत पिठाची गिरणी चालवण्यात हयात घालवली, फिरत्या पट्ट्याशी खेळलो, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो. आणि अशा माणसाच्या मुलीला सासरा मिळाला तो हा. मुलगी दोन गल्ल्या सोडून दिलेली, हाकेच्या अंतरावर. त्यामुळे व्याह्यांची भीती मला बारा महिने घरपोच मिळत आली.

व्याही वीज खात्यात कारकून होते. नोकरीभर विजेची बिलं लिहिली, पण घरातलं बटण कधी बोटानं दाबलं नाही. प्रत्येक बटणाशेजारी खिळ्याला एक लाकडी पळी टांगलेली असे, तिच्या दांड्यानं ते दिवा लावत. माझी मुलगी नवी सून म्हणून त्या घरात गेली आणि पहिल्याच दिवशी तिनं त्यातली एक पळी खाली काढून वरणात घातली. पळी ओली झाली म्हणजे तिच्यातून वीज येणार! व्याही त्या संध्याकाळी आपल्या खोलीत अंधारात बसून राहिले, पण सुनेला एक शब्द बोलले नाहीत. मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो, आणि मग मनात म्हटलं, चला, मुलगी चांगल्या घरी पडली.

ते विजेला भीत, पालीला भीत, कुणी मागून हाक मारली तर भीत. पण सगळ्यांत जास्त भीत ते शब्दांना. त्यांच्या घरात ‘संपलं’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आपल्याकडे जुनी बायामाणसं दिवा ‘विझवला’ म्हणत नाहीत, ‘वाढवला’ म्हणतात. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणतात. व्याह्यांनी तो नियम सगळ्या संसाराला लावला. तांदूळ वाढले, साबण वाढला, गॅसची टाकी वाढली. एकदा माझ्या तोंडून ‘आमची पेन्शनबिन्शन काही नाही, गिरणी विकली, संपलं!’ असं गेलं, तर ते कासावीस होऊन माझा हात धरून म्हणाले, “वाढलं म्हणा हो, वाढलं म्हणा. शब्दाला कान असतात.” मी म्हटलं, “गिरणी वाढली असती तर विकली कशाला असती?” तरी हात सोडीनात. शेवटी म्हटलं एकदाचं, वाढलं.

घरात हे चालून जाई. फजिती व्हायची ती रविवारी. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं, म्हणजे मी, व्याही आणि माझा लहानपणचा दोस्त कंडक्टर, मखमलाबादच्या बाजूला मळ्यातल्या एका हॉटेलात मिसळ खायला जायचो. कंडक्टर मूळचा देवळ्याकडचा, एस.टी.तून रिटायर झालेला, आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचणारा. माझी मुलगी म्हणते, “बाबा, ह्याला हल्ली ब्रंच म्हणतात. नाश्ता उशिरा आणि जेवण लवकर.” मी म्हटलं, “गिरणीवर रोज तेच व्हायचं बाई, पण त्याला आम्ही उपाशी राहिलो असं म्हणायचो.”

आता गंमत अशी, की आम्ही तिघं. तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघांनी मिळून कामाला निघू नये, निघालंच तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यावा, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाळतं कोण? व्याही पाळत. गल्लीच्या कोपऱ्यावर वाकून ते एक गुळगुळीत दगड उचलत, रुमालानं पुसत आणि मगच रिक्षात चढत. “ह्याचं हाफ तिकीट फाडू का फुल?” कंडक्टर दर रविवारी विचारी, आणि दर रविवारी व्याही म्हणत, “हळू बोला, ऐकतोय तो.” रिक्षात ते मधोमध बसत आणि दोन्ही हातांनी आमचा एकेक गुडघा धरून ठेवत. आणि दगडाचा सर्वांत कडक नियम असा, की तो वाटेत फेकायचा नाही. बरोबर निघालेले सगळे घरी सुखरूप आले, की मगच होता तिथं नेऊन ठेवायचा. “आपल्या भरवशावर आला बिचारा,” व्याही म्हणत, “त्याला घरी सोडायला नको?”

हॉटेलात आंब्याखाली बसायचं नाही, कैरी पडेल. पंख्याखाली नाही, पंखा पडेल. जिलबीच्या कढईजवळ तर नाहीच नाही. असं करत करत आम्ही कुंपणाला लागून असलेल्या टेबलावर जाऊन पोचायचो. तिथं वेटर यायचा तो सगळ्या मळ्याला वाढून झाल्यावर. चौथ्या खुर्चीवर रुमालाची घडी, घडीवर दगड. गर्दीच्या दिवशी कुणी खुर्ची न्यायला आलं, की व्याही गंभीरपणे सांगत, “बसलेत.” एका वेटरनं त्या दगडाला हात जोडले आणि पुढच्या रविवारी त्याच्यापुढे झेंडूचं फूल आणून ठेवलं. कंडक्टर म्हणाला, “अजून दोन रविवार जाऊ द्या, इथं शेंदूर लागंल, आन् मी पुजारी व्हईन.”

पहिल्या घासाला ठसका लागेल म्हणून व्याही डाव्या हातात पाण्याचा पेला धरून बसत आणि तो शेवटपर्यंत खाली ठेवत नसत. मग पापडाचा तुकडा तर्रीत बुडवून जिभेच्या शेंड्याला लावायचा आणि डोळे मिटून वाट बघायची. काही झालं नाही तर पुढचा घास. आणि एवढ्यात आमच्या वाट्या कोरड्या पडलेल्या असत. वेटर लांबून विचारी, “काका, रस्सा?” व्याही उत्तर देत, “वाढला!” त्यांच्या मते, संपला. त्या पोराच्या मते, दुसऱ्या कुणीतरी वाढला. तो निघून जाई. “पाव?” “वाढले!” तोही जाई. अशी आम्ही भरल्या मळ्यात कोरडी मिसळ कितीदा खाल्ली त्याला गणती नाही. एकदा मी चिडून ओरडलो, “संपला म्हणा ना एकदा!” तर व्याही पांढरेफटक पडून म्हणाले, “मी कोरडं खाईन.” आणि खरंच खाल्लं.

त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि व्याह्यांना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल. सोमवारी सकाळी करायचं, रविवारी संध्याकाळी भरती व्हायचं. पालीला भिणारा माणूस, त्याची छाती उघडणार! सुरीच्या आधी भीतीच ह्यांना नेईल, असं कंडक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला. मी त्याला गप्प केलं. पण मलाही तेच वाटत होतं.

रविवारी सकाळी मात्र व्याही स्वतः दारात येऊन उभे. “चला, मिसळीला.” त्यांच्या मागोमाग धावत आलेली माझी मुलगी म्हणाली, “मामंजी, तेल-तिखट बंद आहे तुम्हाला.” “वास घेईन. वासाला पथ्य नाही,” म्हणाले. आम्ही निघालो. गल्लीचा कोपरा आला. कंडक्टरनं तिकिटाची थट्टा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण व्याही न वाकता दगडांवरून सरळ पुढे गेले होते.

मी म्हणणार होतो, अहो, चौथा राहिला. पण इतकी वर्षं त्या दगडाला हसलेला मी, कोणत्या तोंडानं म्हणू? रिक्षात ते मधोमध बसले, पण दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर. एका वळणाला रिक्षा चांगली कलंडली, तरी हात हलले नाहीत. शेवटी मीच कंडक्टरचा गुडघा धरला. हॉटेलात ते आंबा आणि शेडचा पंखा दोन्ही डोक्यावर येतील अशा कडेच्या टेबलावर जाऊन बसले. एक बाई येऊन म्हणाली, “काका, ही खुर्ची रिकामी आहे का?” व्याही म्हणाले, “न्या.”

तुम्हाला सांगतो, त्या खुर्चीचे पाय फरशीवर घासत गेले तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा डुगडुगत होता. इतके रविवार गेलो, तो डुगडुगतो हे मला कधी दिसलं नव्हतं. आंब्याला तेव्हा कैऱ्या नव्हत्या, तरी मी खुर्ची जरा सरकवून घेतली. व्याह्यांपुढे नुसती उकडलेली मटकी आणि दही. पाण्याचा पेला त्यांनी हातात घेतलाच नाही, म्हणून मी त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही. हा माणूस भ्यायचा थांबला होता, आणि आजवर त्यांच्याकडे ठेवलेली ती सगळी भीती आता आमच्या टेबलावर मोकळी सुटली होती. माझ्या चमच्यातून टेबलावर तर्रीचे लाल थेंब सांडले. कंडक्टरनं ते पटकन हातानंच पुसले.

मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक. कंडक्टर मुद्दाम, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “ओ, रस्सा संपला! पाव संपले! समदं संपलं इथं!” मला कळलं, हा व्याह्यांना चिडवून जागं करायला बघतोय. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता हात धरतील, आता म्हणतील, शब्दाला कान असतात. व्याही दह्यात चमचा फिरवत राहिले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा वेटर रश्श्याचं भांडं घेऊन धावत आला. गरमागरम रस्सा, वाटी काठोकाठ भरली. आमच्या दोघांच्या वाट्या तशाच भरलेल्या राहिल्या.

परत आलो. त्यांच्या फाटकाशी रिक्षातून उतरलो तेव्हा आमच्यातलं कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कंडक्टरला गप्प राहणं जमत नाही. त्यानं व्याह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू, त्याच्या मानानं फारच हळू विचारलं, “काय व्याहीबुवा, आज लय धीट झालात. भीती संपली का काय?”

व्याह्यांनी फाटकाची कडी धरली होती. ती धरूनच ते वळले, कंडक्टरकडे दटावल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, “वाढली.”

आणि आत गेले. आम्ही दोघं रस्त्यात उभे. कंडक्टरचा चेहरा उजळला. “ऐकलंस ना? बरोबर टोकलं मला! ‘संपली’ म्हणू दिलं नाय!” मीही मान हलवली. पण घरी आल्यावर तो शब्द गव्हातल्या खड्यासारखा दाताखाली येत राहिला. त्यांच्या रीतीनं वाढली, की चारचौघांच्या रीतीनं वाढली? गेली, की मावेनाशी झाली? मुलगी आली तेव्हा तिला विचारलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “बाबा, सकाळपासून त्यांनी घरातली सगळी बटणं बोटानं दाबली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर आणि मी दवाखान्यात जायला निघालो. कोपऱ्यावर मी रिक्षा थांबवली, उतरलो, वाकलो. गुडघ्यानं तक्रार केली, पण वाकलो. गुळगुळीत दगड कोणता ते मला बघून बघून पाठ होतं. उचलून धोतरानं पुसला. कंडक्टर म्हणाला, “अरे, आपण दोघंच तर हाय.” मी म्हटलं, “तिथं जावई आहे. तिघं होऊ.” हाफ की फुल, काही विचारलं नाही त्यानं. सरकून दगडाला जागा करून दिली.

व्याह्यांना स्ट्रेचरवर आणलं तेव्हा अंगावर हिरवी चादर, आणि चादरीच्या आत ते लटलट कापत होते. खरं सांगतो, ते कापताना बघून मला इतकं बरं वाटलं! मान उचलून त्यांनी आम्हाला मोजलं. जावई, कंडक्टर, मी. ओठ सुकलेले. “तीनच?” म्हणाले.

मी मूठ पुढे करून उघडली. “चौघं आहोत.”

दगडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “घरी सोडायचा हं. वाटेत फेकायचा नाही.”

“मी नाही सोडणार,” मी म्हटलं, “तुमचा आहे. आल्यावर तुम्हीच सोडा.”

“बरं. येतो,” व्याही म्हणाले, आणि मग दारातून आत नेताना परत एकदा, “येतो हं.”

दार लागलं. जावई बाकावर बसला, कंडक्टर बसला. मी उभाच. बऱ्याच वेळानं कंडक्टर म्हणाला, “गिरणीवाल्या, मूठ उघड की, बोटं पांढरी पडली तुझी.” मी उघडली नाही. भ्यालो होतो म्हणून नव्हे. दगड गुळगुळीत होता, हातातून निसटला असता.