बाळापूरच्या बाईंचा प्रश्न

"हे झालं पुस्तकातलं. तुमी सोता पायलं काय?" असं विचारून मास्तर चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याकडे टक लावून बघत. अकोल्याच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत, मी चित्रकला. लोखंड गंजतं हे साधं वाक्यसुद्धा ओला खिळा दाखवल्याशिवाय ते फळ्यावर लिहीत नसत.

रविवारी दुपारी ते राममंदिराच्या सभामंडपात वेदान्त सांगत. वकील, भिक्षुक, बाजाराला आलेले शेतकरी, सगळे बसत. मास्तर खिशातून काचेचा लोलक काढून उन्हाच्या तिरिपेत धरत. भिंतीवर रंग उमटले की म्हणत, "ऊन एकच हाये. वेगळं दिसून राह्यलं, एवढंच." सोवळ्यात लोलकाला हात लावला तर चालेल का, असं एका भटजींनी विचारलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "काच निर्लेप असते." हसावं की नाही, ते आम्हाला कळेना.

एका वर्षी बाळापूरच्या मंडळींनी त्यांना प्रवचनाला नेलं. मीही सोबत होतो. प्रवचन संपल्यावर एक शेतकरी बाई पुढे आल्या. त्यांचा तरणाताठा मुलगा पटकीने गेला होता.

"मास्तर, माहा पोरगा कुठी गेला?"

मास्तरांनी लगेच उत्तर दिलं. जगातला एक कणही नाहीसा होत नाही, लाट पाण्यातच मिसळते, मग मेलं कोण? बाई पदर सावरून निघून गेल्या. परतीच्या वाटेवर मास्तर आपल्या उत्तरावर खूश होते.

पुढच्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी विषमज्वराने गेली. तिला अमरावतीला दिली होती. मास्तर शाळेत येत, शिकवत. पण रविवारची प्रवचनं बंद पडली. ब्रह्मज्ञान्यालाही दुःख होतं तर, असं लोक म्हणत. ते मला लागे.

चार महिन्यांनी एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "बाळापूरले जाऊन येऊ. त्या बाईले भेटाचं हाये."

बाई अंगणात तूर पाखडत होत्या. मास्तर चपला काढून तिथेच मातीत बसले.

"मागच्या साली मी तुमाले जे सांगतलं, ते मी वाचलं होतं. पायलं नव्हतं. आता माही पोरगी गेली. तुमी आज इचारलं, तर मले सांगता येत नाई."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "नाव काय होतं लेकीचं?"

चार महिन्यांत हे मास्तरांना कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. "शांता," एवढं म्हणून ते रडू लागले. बाईंनी पाण्याचा गडवा पुढे सरकवला आणि आपल्या मुलाबद्दल बोलू लागल्या. तो नदीत कसा पोहायचा, कशावरून रुसून बसायचा. दुपार कलेपर्यंत आम्ही ऐकत होतो.

प्रवचनं पुन्हा सुरू झाली. अद्वैत त्यांनी सोडलं नाही. "सिद्धान्त नाई चुकला, मी घाई केली," असं मला म्हणाले. मात्र मरणाविषयी कोणी विचारलं, की आधी म्हणत, "बसा. कोण गेलं तुमचं?" पुष्कळांना त्यापुढे उत्तर लागतच नसे.

निवृत्त झाल्यावर ते परतवाड्याला भावाकडे राहायला गेले आणि दोनच वर्षांत तिकडे वारले. ते परतवाड्याला निघाले, त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला मी मोटार स्टँडवर गेलो होतो. मोटारीत शेजारी बसलेला एक म्हातारा त्यांना काहीतरी सांगत होता. मास्तर कानामागे हात धरून त्याच्याकडे झुकले होते. मोटार सुटली. मी हात हलवत राहिलो. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.