चरित्राचं पारायण

नवस बोललं की किस्से आपोआप साचतात, समईखाली तेल साचतं तसे! गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तेव्हा मी देवीला म्हटलं होतं, "हे बोलू देत, मी पारायण करीन." कसलं, ते घाईत सांगायचंच राहिलं!

डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा." म्हटलं, "लग्नापासून मीच बोलतेय हो!"

कपाटात एका मोठ्या लेखकाचं जाडजूड चरित्र होतं. रिटायर झाल्यावर वाचायचं म्हणून ह्यांनी आणून ठेवलेलं. ठरवलं, ह्याचंच पारायण. रोज एक प्रकरण, मोठ्याने.

*

पाटावर लाल वस्त्र, त्यावर चरित्र, बाजूला समई. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या बायका ऐकायला जमल्या. शेजारच्या सुनंदावहिनींनी हळूच विचारलं, "ह्या लेखकांना नैवेद्य कसला गं?"

"अजून शाळेत आहेत. पुढे कळेल."

पुढे कळलं. सुकट! कांदा-लसूण घालून!

"चातुर्मासात?" वहिनी किंचाळल्याच.

मी शिऱ्यावर भागवलं. हे पलंगावरून असे बघत होते, जसा काही ह्यांच्याच पानातला मासा मी पळवला!

*

माजिवड्याहून लेकीचा फोन. "आई, ऑडिओबुक लाव ना, कशाला घसा फोडतेस?"

"नवस मी बोललेय. मोबाइल नाही!"

*

मग आलं लेखकाचं प्रेमप्रकरण. लग्नानंतरचं! मी हळूच एक परिच्छेद गाळला. ह्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड वाजवली. ठक ठक!

वहिनी म्हणाल्या, "वाच की गं, आम्हीपण ऐकतोय!"

*

शेवटच्या प्रकरणात लेखक हॉस्पिटलात. ह्यांच्यासमोर ते मला वाचवेना. पुस्तक तसंच पाटावर राहिलं. शेवटी ह्यांनीच त्याच्याकडे बोट केलं.

वाचलं. लेखक गेले. बायकांचे पदर डोळ्यांना. वहिनींनी विचारलं, "आता आरती करायची, की आंघोळ?"

कुणी हसलं नाही.

आमच्या माहेरी पोथी शेवटावर मिटत नाहीत. पहिल्या अध्यायाच्या चार ओळी वाचून मगच हात जोडतात. सवयीने मी पहिलं पान काढलं. घरात मुलगा झाला, आजोबांनी आळीभर पेढे वाटले, इथवर आले.

पलंगावरून आवाज आला. जड, तुटका, पण ह्यांचाच.

"आला... परत!"

तुम्हीही कुणाला वाचून दाखवत असाल, तर माझं एवढं ऐका. शेवटच्या पानावर पुस्तक मिटू नका हं.