राजोडीचा एकांत

आमच्या घराण्यात हॉटेलात मुक्कामाला राहिलेला पहिला माणूस मी. आधीच्या पिढ्या जिथे गेल्या तिथे नातेवाइकांकडे उतरल्या, आणि जिथे नातेवाईक नव्हते तिथे त्या गेल्याच नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अंधेरीच्या एका रंगाच्या कंपनीत विक्री खात्यात होतो आणि त्या वर्षी ऐन पावसाळ्यातही मी बराच रंग विकला होता (पावसाळ्यात रंग विकणं म्हणजे काय, हे विकणाऱ्यालाच कळतं). साहेबांनी सगळ्या खात्यासमोर मला पुढे बोलावलं, हात हातात घेतला आणि जाहीर केलं, की कंपनी मला सहकुटुंब दोन दिवस एका बुटीक हॉटेलात पाठवते आहे.

"समुद्रकिनारा. पूर्ण एकांत. जगापासून लांब," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी हे शब्द जसेच्या तसे सांगितले. बायको, नीता, म्हणाली, "बुटीक? तिथे तर मी ब्लाउज शिवायला टाकते."

"हे वेगळं. हे राहायचं असतं."

आई आमच्याकडेच असायची. ती जन्माने राजोडीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. लग्न होऊन विरारला आली, आणि आम्ही अजूनही विरारलाच राहायचो. तिने एकच प्रश्न विचारला, "तिथं आपलं कोन हाय?"

"कोणी नाही आई. तीच तर मजा आहे."

"मंग काय मजा?" असं म्हणून ती भाजी निवडायला गेली.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. ती मी पसरवली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देसाईकाका तळमजल्यावर राहायचे. त्यांना मी जिन्यात गाठून 'जगापासून लांब' हे दोनदा ऐकवलं. "म्हणजे केरळच," ते म्हणाले. मला स्वतःलाच जागा माहीत नव्हती, त्यामुळे मी नुसता हसलो. संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग आम्हाला केरळला पाठवून मोकळी झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून हॉटेलला फोन केला आणि कुठली गाडी धरायची ते विचारलं.

"विरारला उतरा सर," पलीकडून गोड आवाज आला. "तिथून रिक्षा करा. राजोडी बीच."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ समोरच्या रंगाच्या डब्याकडे पाहत बसलो. आमच्या घरापासून राजोडी म्हणजे रिक्षात बसून एक विषय संपतो न संपतो तेवढं अंतर. तिथे आईचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामा राहायचे. दर गणपतीला आम्ही जेवायला जाऊन संध्याकाळी परत यायचो.

घरी सांगितल्यावर नीता हसत सुटली. इतकी, की तिला पाणी द्यावं लागलं. आई मात्र लगेच कामाला लागली. उठली, बांधलेली पिशवी सोडली, आतल्या साध्या साड्या बाहेर काढल्या आणि कपाटातलं जांभळं रेशमी लुगडं आत ठेवलं. मागोमाग गळ्यातला सोन्याचा हार. मला वाटलं, बिचारी दुःखात आहे, काय करते तेच तिला कळत नाही.

"आई, मामांना यातलं काही सांगायचं नाही. भावाचं घर शेजारी असताना हॉटेलात राहिलो, असं त्यांना वाटेल."

"मी कशाला सांगू?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बॅगा घेऊन उतरलो तर खाली सगळी बिल्डिंग उभी. देसाईकाकूंनी लांबच्या प्रवासाला म्हणून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून दिली होती. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तिथलं पाणी उकळून प्या." आम्ही रिक्षाने स्टेशनवर गेलो, तिथे उतरून थोडा वेळ उभे राहिलो आणि दुसरी रिक्षा केली. पुऱ्या वाटेतल्या आगाशीच्या अलीकडेच संपल्या.

हॉटेल मात्र खरंच देखणं होतं. सुरूच्या बनाआड लपलेलं, पाटीसुद्धा तळहाताएवढी. आत चार-पाच खोल्या, मधे चिंचेचं झाड, समोर समुद्र. पांढरा कुर्ता घातलेला पुण्याचा तरुण मॅनेजर शहाळी घेऊन सामोरा आला. तो बोलायचा तेसुद्धा कुजबुजत. "खोल्यांत टीव्ही नाही, फोन नाही, घड्याळ नाही. पाहुण्यांना शांतता मिळावी म्हणून." त्या दिवशी आमच्याखेरीज एकच पाहुणी होती. मुंबईची एक वयस्क पारशी बाई, गळ्यात भला मोठा कॅमेरा अडकवून वेताच्या खुर्चीत बसलेली.

मॅनेजर कुजबुजत आम्हाला खोली दाखवत होता. न्हाणीघराचं दार उघडून म्हणाला, "आणि ही आमची खासियत. ओपन टू स्काय."

नीताने वर पाहिलं. छप्पर नव्हतं. चार भिंती, पितळी फवारा आणि वर निळं आकाश.

"काम अर्धं राहिलंय का?" आईने विचारलं.

"नाही आजी, मुद्दाम तसं बांधलंय."

मॅनेजर गेल्यावर आई मला म्हणाली, "तुझ्या बापाने जन्मभर राबून मला छपराची मोरी बांधून दिली. आनि तुझी कंपनी बक्षीस काय देते?" तिने आणि नीताने हातपाय धुण्यावर भागवलं. मी मात्र ठरवलं, की कंपनीने दिलंय तर पूर्ण उपभोगायचं. मी आत गेलो, फवारा सोडला, डोक्याला साबण लावला. वरून ऊन, खालून पाणी, लांब लाटांचा आवाज. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण मोठे झाल्यासारखं वाटलं.

"कोन, गंगूबायचा पोर काय तू?"

आवाज आकाशातून आला होता. मी साबण भरलेले डोळे किलकिले करून वर पाहिलं. भिंतीपलीकडच्या वाडीतल्या माडाच्या शेंड्यावर एक माणूस नारळ उतरवायला चढला होता. पास्कलमामा. आईच्या लहानपणापासूनचा शेजारी.

मी हाताला आला तो टॉवेल गुंडाळला. "हो पास्कलमामा. मीच."

"विरारला असतोस ना तू?"

"हो."

"मंग हय कशाला आंगोळ करतोस? घरी पानी नाय काय?"

आता बक्षीस, कंपनी, पावसाळ्यातली विक्री हे सगळं टॉवेल धरून, वर मान करून, डोळ्यात साबण असताना कसं सांगणार? मी फक्त म्हणालो, "तसं नाही." पास्कलमामाने फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि तो भराभर माडावरून खाली उतरू लागला. एकही नारळ न काढता.

बऱ्याच वेळाने धीर करून मी कपडे घालून बाहेर आलो तेव्हा आई खोलीत नव्हती. जांभळं लुगडं नेसून, गळ्यात हार घालून ती हॉटेलच्या कुंपणाशी, अगदी वाळूला लागून खुर्ची टाकून बसली होती. किनाऱ्यावरून जाळी आणणाऱ्या, मासळी वाळत घालणाऱ्या प्रत्येकाला ती दिसेल अशी. ती कोणाला हाक मारत नव्हती. सांगणार नाही म्हणाली होती ना. नुसती बसली होती.

मी तिला आत बोलावणार तेवढ्यात फाटकातून मामा आले. घामाघूम, बंडीची बटणं उघडी, मागे मामी, आणि मामींच्या हातात पाण्याने भरलेली कळशी.

"गंगू, भाऊ मेला काय गं तुझा?" मामांचा आवाज फुटला. "घरी पानी नाय म्हनून हाटेलात आंगोळीला येतेस? या भिंतीला लागून माझी विहीर हाय!"

त्या वर्षी आमच्याकडे टँकर यायचे हे खरं. पण पाण्यावाचून कोणी बुटीक हॉटेल गाठावं इतके नाही. मामांच्या डोळ्यात खरोखर पाणी होतं. बहीण अडचणीत आली आणि आपल्या दारावरून परक्याकडे गेली, हे त्यांना सहन होत नव्हतं. मी पुढे झालो, "मामा, अहो…"

"तू गप. तुला शिकवला कशाला, आईला पान्यासाठी फिरवायला?"

मॅनेजर ओठावर बोट ठेवून धावत आला. पारशी बाईने पुस्तक मिटून आमच्याकडे खुर्ची वळवली.

तेवढ्यात फाटकाबाहेर स्कूटर थांबली. देसाईकाका. मामांनी निघण्याआधी गावातल्या फोनवरून देसाईकाकांना (आमच्यासाठी निरोप त्यांच्याकडेच यायचे) खडसावलं होतं, की तुमच्या बिल्डिंगने माझ्या बहिणीला बिनपाण्याची ठेवली, ती राजोडीच्या हॉटेलात आंगोळीला आलीय. सेक्रेटरी असल्याने काकांच्या ते इतकं जिव्हारी लागलं होतं, की केरळ विसरून ते तडक निघाले होते.

"कोण म्हणतं पाणी नाही?" ते आल्या आल्या म्हणाले. "काल टाकी भरलीय, मी स्वतः उभा होतो." मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे गोंधळ आला. "तुम्ही केरळात ना?"

"मी केरळ कधी म्हटलं?"

"'केरळ नाही' असं तरी कुठे म्हणालात? आमच्या हिने पुऱ्या केल्या होत्या."

"छान होत्या," नीता म्हणाली.

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. ऑफिसातल्या टाळ्या, बिल्डिंगमधला निरोप, सगळ्याची माती झाली होती. तेव्हा आई खुर्चीतून उठली. हार सारखा केला. आणि तिच्या आयुष्यात मी ऐकलेलं सर्वांत मोठं भाषण तिने केलं.

"दादा, पान्यासाठी नाय आले मी. माझ्या पोराने कंपनीत सगळ्यांपेक्षा जास्ती काम केलं. म्हनून त्याच्या साहेबाने त्याला हय राहायला धाडलाय. त्याला, त्याच्या बायकोला आनि मला. इथं मोठी मोठी मानसं येतात. आज आपली आलीत."

मामींनी कळशी खाली ठेवली.

"खरं काय रे?" मामांनी मला विचारलं.

"खरं," मी म्हणालो.

"मंग सांगितला का नाय?"

याचं उत्तर आईकडे होतं. "लाजला तो. लांब धाडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पन दादा, लांब मला कोन ओळखतंय? तिथं मी रेशमी नेसून बसले असते तर बघायला कोन होतं?"

तेव्हा मला जांभळ्या लुगड्याचा अर्थ लागला. ती दुःखात वगैरे अजिबात नव्हती. ज्या किनाऱ्यावर तिने लहानपणी डोक्यावर टोपली घेऊन फेऱ्या मारल्या, त्याच किनाऱ्यावर ती मुलाच्या कर्तबगारीने खुर्ची टाकून बसली होती. मला लाज वाटत होती त्याच गोष्टीचा तिला अभिमान होता. आणि खरं सांगतो, तिच्याकडे बघता बघता तो मलाही वाटायला लागला.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. मामांनी बंडीची बटणं लावली आणि सगळं हॉटेल फिरून पाहिलं. बिनछपराच्या न्हाणीघरात बराच वेळ वर पाहत उभे राहिले, पण भाच्याचा मान म्हणून बोलले काही नाहीत. पास्कलमामाने गावभर नवी बातमी नेली. पहिली बातमी आपणच दिली होती हे तो सोयीस्कर विसरला होता. दुपारपर्यंत मावश्या, त्यांच्या सुना, आईच्या मैत्रिणी येऊन गेल्या. प्रत्येकीने आईशेजारच्या खुर्चीत बसून पाहिलं. मामींनी मग घरून आणलेलं पापलेटचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या चिंचेखाली उघडल्या, कारण हॉटेलची ताटं मोठी आणि त्यातलं जेवण छोटं, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं होतं. देसाईकाका चौथ्या भाकरीला म्हणाले, "केरळात हे मिळालं नसतं."

मॅनेजर पारशी बाईंपाशी वाकून माफी मागत होता. "मॅडम, शांततेचं म्हणाल तर…"

"अरे शांती तो घरी पण हाय, डिकरा," त्या म्हणाल्या. "तू मला ते फिश आणून दे नी." मग हात धुऊन त्यांनी कॅमेरा उचलला आणि आईला मधोमध बसवून आमचा सगळ्यांचा फोटो काढला. मी मधे उभा राहणार होतो, पण तेवढ्यात एका मावशीने सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात दिली आणि ती हवेवर धर म्हणाली.

बाईंनी फोटो मोठा करून घरी पाठवला. अजूनही तो आमच्या हॉलमध्ये आहे. आई मधे महाराणीसारखी, एका बाजूला मामा-मामी, दुसऱ्या बाजूला नीता, मागे देसाईकाका भाकरीसकट. कोणी आलं की आई एकेकाचं नाव सांगते आणि शेवटी म्हणते, "हे सगळं माझ्या पोरानं मिळवलं." पोरगा कुठे आहे असं विचारलं, तर पूर्वी ती उजव्या कडेला बोट ठेवायची. तिथे पिशवी धरलेला एक हात होता. तो माझा.

मधे काच फुटली म्हणून फोटो नव्या फ्रेमला दिला. फ्रेमवाला म्हणाला, "आजी, कडेला हा कुणाचा तरी हात आलाय. कापून टाकू का?"

आई म्हणाली, "काप. नायतर फ्रेम मोठी लागंल."