लीला काय काय करायची

गुरुलिंगअप्पा पहिल्यांदा माझ्या वर्गात आले, तेव्हा मी त्यांना कुणाचे तरी आजोबा समजले. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि हातात कापडी पिशवी. लातूरला एका कापड दुकानाच्या माडीवर मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवायचे. बँकेच्या, विमान कंपनीच्या मुलाखती द्यायला निघालेली पोरंपोरी यायची. नाव कुणाचं घालायचंय, असं मी विचारलं. अप्पा पहिल्या बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "माझंच."

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं अडत दुकान होतं. ते आता पुतण्याकडे सोपवलं होतं. घरात कानडी, बाजारात मराठी, हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी दखनी, अशा तीन भाषांत त्यांचा जन्म गेला होता. आता इंग्रजी कशाला, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाकीची मुलं गेल्यावर, अगदी शांतपणे.

त्यांची एकुलती एक मुलगी शिवलीला. घरात नुसती लीला. लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथंच आजारपणात वारली. मागे नवरा आणि चार वर्षांची मुलगी, इरा. इरा आता सहा वर्षांची होती आणि तिला इंग्रजीच येत होतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. ती काहीतरी बोलायची, जावई महेशराव त्याचं मराठी करून सांगायचे. एका रविवारी तिनं काहीतरी विचारलं आणि महेशराव क्षणभर थांबून म्हणाले, ती विचारतेय, जेवलात का.

"लेकरानं मम्मा म्हणलेलं मी ऐकलं," अप्पा मला म्हणाले. "जेवणात मम्मा कुठून आली? तिला आईचं काय तरी विचारायचं हाय. जावयाच्या तोंडातून ते निघत न्हाई. वाईट माणूस न्हाई तो. त्याला सहन होत न्हाई. मंग मीच शिकतो."

त्यांच्या शिकण्याला लाज नावाची गोष्ट नव्हती. विशीतली पोरं उच्चार चुकेल म्हणून गप्प बसायची. अप्पा चुकायचे, पुन्हा म्हणायचे, पुन्हा चुकायचे. पोरं हसली तर तेही हसायचे आणि म्हणायचे, "हसा. तोंड काय भाड्यानं आणलंय का? परत म्हणू." उदगीरहून सकाळची एसटी धरून यायचे. एकदा तापात आले. मी घरी जायला सांगितलं, तर म्हणाले की ताप उदगीरला बी असणारच, इथं निदान धडा होईल.

'कॅन' आणि 'कुड' त्यांना लवकर जमलं. येतं आणि यायचं. 'मस्ट' त्यांना फार आवडला. खात्रीनं बोलायचं तर हाच, असं मी सांगितल्यावर ते तो जागोजागी वापरू लागले. 'मे' मात्र त्यांना पटेना. असेलही, नसेलही, असं बोलायला इंग्रजांनी वेगळा शब्द कशाला ठेवला, असं विचारायचे. "असंल-बिसंल मोंढ्यात चालत न्हाई, मॅडम. तूर कोरडी हाय का न्हाई, तेवढं सांगायचं." 'वुड'वर तर ते दोन दिवस नाराज होते. सवय सांगायला वुड, आवड सांगायला वुड, विनंतीलाही वुड. "एकाच माणसानं किती दुकानं सांभाळायची?" असं त्यांनी मला वर्गासमोर विचारलं.

मग तो धडा आला, 'यूज्ड टू'चा. पूर्वी नेहमी करायचो, आता करत नाही, ते सांगायचा. मी फळ्यावर 'ती गायची', 'ती खेळायची' असं मराठीत लिहून त्यापुढे इंग्रजी लिहिलं आणि अप्पांना म्हटलं, आता लीलाताईंबद्दल पाच वाक्यं सांगा. मला वाटलं होतं, ते याच दिवसाची वाट बघत असतील.

अप्पा उभे राहिले. "शी यूज्ड टू गो टु स्कूल," म्हणाले. मग, "शी यूज्ड टू ईट." मग थांबले. पाच वाक्यं पुरी न करताच खाली बसले.

वर्ग सुटल्यावरही ते बाकावरच होते. मी जवळ जाऊन बसले. इंग्रजी अडलं का, असं विचारलं.

"इंग्रजी न्हाई अडलं," ते म्हणाले. "मला मराठीतच येत न्हाई. मी सकाळी मोंढ्यात जायचो, परत यायचो तवर पोरगी झोपलेली. शाळेत जायची, जेवायची, हे तर कुणाच्या बी पोरीचं सांगता येतं. माझी लीला काय करायची, मला मालूमच न्हाई, माय."

तोवर ते मला मॅडम म्हणायचे. त्या दिवसापासून माय म्हणू लागले.

पुढचे आठ-दहा दिवस ते वर्गाला आले नाहीत. मला वाटलं, सोडलं. पण अप्पा कामाला लागले होते. सुरुवात घरातून केली. त्यांच्या पत्नी महादेवीकाकू लीला गेल्यापासून तिच्या आजारपणाखेरीज काहीच बोलत नसत. अप्पा स्वयंपाकघरात चुलीपाशी पाट टाकून बसले आणि लहानपणी लीला काय करायची ते विचारलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी ते स्वयंपाकघरात असे कधी बसले नव्हते. काकू आधी रागावल्या. आत्ता विचारता का, म्हणाल्या. अप्पा उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत बसले. तिसऱ्या दिवशी काकूंनी भाकरी थापता थापता सांगितलं की लीलाला भाकरीचा करपलेला काठ आवडायचा. तो आधी मोडून खायची आणि उरलेली भाकरी ताटात तशीच ठेवायची. मग काकू बोलतच राहिल्या.

तिथून ते लीलाच्या शाळेतल्या बाईंना भेटले, शेजारच्या शिंपीणमावशींना भेटले आणि शेवटी नांदेडला गेले. लीला नांदेडला इंजिनिअरिंगला होती, तेव्हा वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण आता तिथंच नोकरी करत होती. तिनं त्यांना भरभरून सांगितलं. लीला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. रिक्षाची वाट बघण्यापेक्षा तिला चालत जाणं बरं वाटायचं, मग कितीही ऊन असो. आणि अप्पांचा फोन आला की ती खोलीतून बाहेर गॅलरीत जायची आणि पूर्ण फोन उभ्यानं बोलायची. मैत्रिणीनं एकदा विचारलं होतं, बसून का बोलत नाहीस. लीला म्हणाली होती, अप्पा दुकानात उभे राहून बोलतात, मी कशी बसू?

हे शेवटचं सांगताना अप्पांनी मराठी वापरलंच नाही. परत आल्यावर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "व्हेन आय फोन, शी वुड स्टँड." एवढंच. ते वाक्य ज्याला कळलं नाही, असा वर्गात कुणी नव्हता. 'वुड'वरची त्यांची तक्रार मी पुन्हा ऐकली नाही.

मग आम्ही महिनाभर तयारी केली. इरा काय विचारेल, त्याला काय सांगायचं. आणि एका रविवारी, अडलं तर असू द्या म्हणून, त्यांनी मला उदगीरला बोलावून घेतलं. पडद्यावर दोन वेण्या घातलेली इरा होती. महेशरावांचा नुसता खांदा एका कडेला दिसत होता. ते बहुधा नेहमीच असे अर्धे बाहेर बसत असावेत.

अप्पांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं की आज मी तुला तुझ्या आईबद्दल सांगणार आहे. खांदा हलला. इरा पुढे सरकली. अप्पांनी एकेक वाक्य टाकायला सुरुवात केली. भाकरीचा काठ, शिट्टी, रिक्षा. इरा मध्येच विचारायची, खूप मोठ्यानं शिट्टी मारता यायची का? "यस. व्हेरी लाउड. शी कुड." अप्पा अडखळत होते, पण थांबत नव्हते.

मग इरानं असा प्रश्न विचारला, जो आमच्या तयारीत नव्हता. "डिड यू सी हर डू इट?" तुम्ही स्वतः बघितलंत का?

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नो," ते म्हणाले. "आय वॉज इन शॉप. आय कुड कम होम. आय डिड नॉट कम." घरी येता येत होतं, आलो नाही. व्याकरण थोडं चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. "नाउ आय आस्क एव्हरीबडी," त्यांनी पुढे सांगितलं. आता सगळ्यांना विचारत फिरतोय.

इरानं विचार केला आणि म्हणाली, मग डॅडीला पण विचारा.

अप्पा पडद्याच्या त्या कडेकडे बघत मराठीत म्हणाले, "महेशराव, लेकरू सांगायलंय. सांगा आता."

मला वाटलं, फोन बंद होईल. पण खांदा आत सरकला आणि महेशराव पूर्ण दिसले. वाढलेली दाढी, थकलेला, माझ्याच वयाचा माणूस. त्यांनी इराला मांडीवर घेतलं आणि तिलाच सांगितलं, की तुझी आई गाडी चालवताना लाल सिग्नलला कानडीत रागवायची. खूप मोठ्यानं. मी काच वर करायचो.

दारात उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं, "काय म्हणायची?" महेशरावांनी ते कानडी शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. ते काकूंचेच शब्द होते. काकू डोळ्याला पदर लावून हसू लागल्या, अप्पा हसले, आणि काही न कळून इराही हसत सुटली. त्या दिवशी पुढे जे बोलणं झालं, त्यात माझी कुणाला गरज पडली नाही.

पुढच्या वर्षी मला नांदेडला शाळेत नोकरी लागली आणि मी लातूरचा वर्ग बंद केला. अप्पा निरोप घ्यायला आले. तुमचं काम तर झालं, आता एसटीचे हाल कशाला, असं मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. चौकातल्या दुसऱ्या वर्गात त्यांनी आधीच नाव घातलं होतं.

"झालं कुठं, माय?" ते म्हणाले. "पोरगी मोठी व्हायलीय. आज आई काय करायची विचारते. उद्या आई का गेली विचारंल, बाप रात्री का रडतो विचारंल. तवा तिला असं वाटाया नको की अप्पाला कळत न्हाई, कशाला सांगायचं. मी तिच्या म्होरं एक धडा तरी असायाच पायजे."

मग त्यांनी पिशवी उचलली आणि उशीर होतोय म्हणून जिना उतरून गेले. नव्या वर्गाचा त्यांचा तो पहिला दिवस होता.