रइसा लमियाचा पगार

आमच्या ऐन-अल-लोझ गावाला येणाऱ्या शेअर टॅक्सीत मागच्या सीटवर तिघं बसतात. त्या सकाळी मधे बसल्या होत्या आमच्या कोर्टाच्या न्यायाधीश लमिया शलहूब. त्यांच्या डावीकडे उम शाहीन आणि उजवीकडे उम शाहीनचा दीर. या दीर-भावजयीचा एका अक्रोडाच्या झाडावरून तीन वर्षं दावा चालू होता, आणि तो ऐकत होत्या मधे बसलेल्या बाई.

"बरं झालं बाई भेटलात," उम शाहीन म्हणाली. "वकील मेला अर्धंच सांगतो. ते झाड लावलं माझ्या सासऱ्याने, आणि लावताना म्हणाले..."

"तुझा सासरा, पण माझा बाप होता की नाही?" दीर खेकसला. "तू तेव्हा लग्न होऊन तरी आली होतीस का?"

"गाडी थांबवा," लमिया म्हणाल्या.

"अजून दोन किलोमीटर आहे, रइसा," ड्रायव्हर म्हणाला. "बाहेर बर्फाचा चिखल आहे."

"थांबवा म्हटलं ना."

हे सगळं मला ड्रायव्हरनेच नंतर सांगितलं. मी पाहिलं ते एवढंच, की नऊ वाजता कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्यांचे बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. रईस म्हणजे आमच्याकडे प्रमुख. न्यायाधीशाला तसंच म्हणतात, बाई असेल तर रइसा. त्या शब्दाचा श्रीमंतीशी काही संबंध नाही, आणि त्या वर्षी तर मुळीच नव्हता.

"अबू वदीह," त्या मला म्हणाल्या, "त्या अक्रोडाच्या फायलीत नोंद करा. आज टॅक्सीत दोन्ही पक्षकार माझ्याशी बोलले, मी उत्तर दिलं नाही, उतरले. वेळ लिहा."

"रइसा, आधी मोजे तर बदला."

"आधी लिहा."

मी लिहिलं. एकोणचाळीस वर्षं त्या कोर्टात कारकुनी केली, शेवटची पंधरा मुख्य कारकून म्हणून. सात न्यायाधीश आले नि गेले. पण टॅक्सीतून उतरून चिखल तुडवत आलेल्या या एकट्याच.

त्यांची स्वतःची गाडी होती. घरासमोर झाकून ठेवलेली. पेट्रोल परवडत नव्हतं.

आता एखादा म्हणेल, न्यायाधीशाला पेट्रोल परवडत नाही म्हणजे काय? त्याचं असं आहे. आमच्याकडे न्यायाधीशाचा पगार कोणा मंत्र्याच्या मर्जीवर नसतो. कायद्यातच तक्ता असतो. अमुक पायरीला अमुक लिरा, दर दोन वर्षांनी एक पायरी वर. कोणी रागावून कमी करू शकत नाही, कोणी खूश होऊन वाढवू शकत नाही. तक्ता बदलायचा तर संसदेने बदलायचा. यात शहाणपण आहे, आणि माझी उमर त्यावर विश्वास ठेवण्यात गेली. पण तक्त्यात आकडा लिराचा. लमियांचा पगार साठ लाख लिरा. एके काळी त्याचे चार हजार डॉलर व्हायचे. मग लिरा घसरायला लागला आणि थांबेचना. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात त्याच साठ लाखांचे दोनशे डॉलर येत होते. कागदावर एक लिरासुद्धा कमी झाला नव्हता. माझा पगार तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. पण माझी मधमाश्यांची खोकी होती, बायको दही-गव्हाचं किश्क वाळवून विकायची, आम्ही तगून होतो. न्यायाधीशाला दुसरा धंदा करता येत नाही. तेही कायद्यातच आहे.

लमियांना हा खेळ नवा नव्हता. त्यांचे वडील रशीद शलहूबही न्यायाधीश होते, बिकाच्या खोऱ्यात. सत्त्याऐंशी साली, युद्धाच्या दिवसांत, लिरा असाच बुडाला होता. लमिया तेव्हा अकरा वर्षांच्या. "बाबांच्या एका महिन्याच्या पगारात माझा शाळेचा एकच बूट येत होता," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "आणि बाबा आईला म्हणाले, पुढच्या महिन्यात दुसरा पाय घेऊ. हसत म्हणाले. पण वर्षभरात राजीनामा देऊन कुवेतला गेले. एका कंपनीचे सल्लागार झाले." तिथे त्यांनी घर बांधण्याइतका पैसा कमावला. परत आल्यावर मात्र कधी कोर्टाच्या रस्त्याने गेले नाहीत. लांबचा वळसा घालून बाजारात जायचे.

मार्च महिन्यात आमचे नगराध्यक्ष, उस्ताज इस्तिफान, कोर्टात आले. मनाने भला माणूस. हातात एक जाड पाकीट आणि एक वही.

"रइसा, गावाला लाज वाटते," ते बसता बसता म्हणाले. "आमची न्यायाधीश पायी येते. आम्ही सगळ्यांनी मिळून थोडं जमवलंय. दर महिन्याला जमवू. लाच नाही हं! उघड आहे, वहीत नावं आहेत, मी स्वतः सही केलीय."

"वही बघू?" लमिया म्हणाल्या.

त्यांनी वही उघडली. बोट फिरवत सावकाश वाचली. मग माझ्याकडे वळल्या. "अबू वदीह, चौथं नाव?"

"दगडखाणीचा मालक," मी म्हणालो. "त्याच्या खाणीच्या धुळीवरचा दावा आपल्याकडे आहे."

"सातवं?"

"भाडेकरूला काढायचा दावा."

"अकरावं?"

अकरावा माझा साडू होता, आणि त्याचाही दावा होता.

इस्तिफान कानापर्यंत लाल झाले. "मग ज्यांचे दावे आहेत त्यांची नावं खोडतो!"

"आज ज्यांचे नाहीत त्यांचे उद्या येतील, उस्ताज. गाव आहे हे. माझ्यापुढे कोण उभा राहणार नाही?" त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही चांगल्या मनाने आलात, मला कळतं. पण माझा पगार जिथून येतो तिथे मला एकही चेहरा दिसता कामा नये. खाणवाल्याच्या बाजूने निकाल दिला तर लोक म्हणतील, बाई त्याचंच खाते. विरुद्ध दिला तर तो म्हणेल, खाल्लं आणि उलटली. आणि खरं सांगू? मलाच स्वतःची खात्री राहणार नाही."

"मग तुम्ही खाणार काय?"

"आज मसूर आहे," त्या म्हणाल्या. "बसा, तुम्हीपण जेवा."

ते जेवायला थांबले नाहीत, पण दारात वळून म्हणाले, "बाप गेला कुवेतला आणि मुलगी जाते उपाशी. तुमच्या घराण्याला मधला रस्ता माहीतच नाही का हो?"

दुपारभर लमियांनी एकही फाईल नीट वाचली नाही, हे मी पाहिलं.

ऑगस्टमध्ये देशभरातल्या न्यायाधीशांनी पगारासाठी काम थांबवलं. लमियाही थांबल्या. मला ते आवडलं नाही आणि मी तसं बोललोही.

"लोकांचं काय, रइसा?"

"लोकांचंच म्हणते मी. वीज नाही, कागद नाही, शाई नाही. छपाईचं यंत्र तुमच्या मधाच्या पैशावर चालतंय. असं कोर्ट चालू आहे म्हणणं हीच थाप आहे."

तातडीच्या कामांसाठी मात्र त्या आठवड्यातून एकदा येत. एका आजारी म्हातारीच्या ऑपरेशनसाठी तिच्या मुलीला जमीन विकायची परवानगी हवी होती. तो हुकूम त्यांनी खिडकीच्या उजेडात स्वतःच्या हाताने लिहिला. वळणदार अक्षरात, शाळेतल्यासारखा.

काम थांबलं तशी आणखी एक पंचाईत झाली, जी बाहेरच्यांना दिसत नाही. न्यायाधीशांचा एक सहकारी निधी आहे. मुलांची फी, दवाखाना, अडीअडचण त्यातून भागते. त्यात पैसा येतो तो कोर्टाची फी, स्टँप, दंड यांच्या वाट्यातून. कोर्ट बंद म्हणजे फी बंद, आणि फी बंद म्हणजे निधीला येणारी धार आटली. पगारासाठी दार लावावं तर पगाराला टेकू देणारी विहीरच सुकते. मी हे लमियांना म्हणालो तेव्हा त्या हसल्या. "अबू वदीह, दोन्हीकडून जळणारी मेणबत्ती आहे ही. पण जळू दिली काय नि विझवली काय, शेवटी काळोखच ना?"

डिसेंबरात त्यांना दोह्याहून फोन आला. एका वकिली कंपनीत सल्लागाराची जागा. पगार महिना नऊ हजार डॉलर, घर, गाडी. मुलाखत नावापुरती, बुधवारी, कॉम्प्युटरवर. त्यांचे यजमान नबील शाळेत भूमिती शिकवतात; त्यांचाही पगार तसाच बुडालेला. मुलगा परदेशात, लियोंला इंजिनिअर होतो आहे, त्याच्या दुसऱ्या सहामाहीची फी थकलेली.

सोमवारी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर न्यायाधीशाचा काळा झगा घडी करून ठेवला होता.

"बिनपगारी रजेचा अर्ज लिहायचाय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नमुना पाठ असेल."

"पाठ आहे. तुमच्याआधी दोघांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. रजेवर गेलेले परत आले नाहीत."

"टोमणा मारताय?"

"नाही, रइसा. आठवतंय ते सांगतोय."

नबील स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन आले. "अबू वदीह, तुम्हीच सांगा हिला. मी सांगून थकलो. जा म्हटलं तर रडते, राहा म्हटलं तर भांडते."

"मी कारकून माणूस," मी म्हणालो. "मी तारीख देऊ शकतो. निकाल नाही."

लमिया खळखळून हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. आम्ही दोघं पुरुष कॉफीच्या कपांकडे बघत बसलो. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाबांना मी सतरा वर्षं विचारलं नाही. मग दवाखान्यात विचारलं, पस्तावलात का? म्हणाले, पैशाचा पस्तावा नाही पोरी, तुझे बूट आले त्यातून. पण त्यानंतर मला कोणी 'रईस' म्हटलं की मागे वळून बघायचो, दुसऱ्या कोणाला बोलावतायत का म्हणून."

अर्ज मी लिहिला. तारखेची जागा कोरी ठेवली. सही त्या बुधवारी, मुलाखतीनंतर करणार होत्या.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी मधाच्या बरण्या भरत होतो, तेव्हा फोन वाजला. नंबर लमियांचा होता.

"रइसा? बरं आहे ना सगळं?"

"निधीचा निरोप आलाय," त्या म्हणाल्या. "आधीच्या शिलकीतून दर महिन्याला पगाराखेरीज काही रक्कम देणार. डॉलरमध्ये. या महिन्याची जमा झालीसुद्धा. नबील बँकेत जाऊन बघून आला. दोनदा बघून आला."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. दोह्याच्या नऊ हजारांपुढे तो काहीच नव्हता. जुन्या चार हजारांचा पाव हिस्साही नव्हता. पण माझ्या हातातली बरणी मी खाली ठेवली.

"पुरेल?" मी विचारलं.

"पोराची फी हप्त्याने जाईल. आईची औषधं येतील. मांस रविवारचं रविवारी." मग त्या म्हणाल्या, "आणि अबू वदीह, हे देणाऱ्याचा चेहरा नाहीये. हजारो लोकांच्या स्टँपचे पैसे, सगळे एकात मिसळलेले. कोणी येऊन म्हणू शकत नाही की मी दिले."

"दोह्याचं काय?"

"नबील कळवतोय त्यांना. मला लिहवत नव्हतं, म्हणाला मी लिहितो. भूमितीच्या मास्तराचं इंग्रजी, देव जाणे काय लिहिलंय."

मी फोन ठेवला आणि मधमाश्यांच्या खोक्यांपाशी जाऊन बसलो. थंडीत माश्या आत गोळा करून बसतात, बाहेर आवाज येत नाही. बायको विचारायला आली, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही. हेच सांगायचंय, कोणी गेलं नाही.

जानेवारीत कोर्ट उघडलं. पाच महिन्यांची तुंबलेली कामं, दोनशे अकरा फायली, आणि दारात सकाळी सातपासून रांग. पहिल्या आठवड्यातच दगडखाणीच्या धुळीचा निकाल लागला. खाणवाल्याला शेजाऱ्यांच्या बागांची भरपाई द्यावी लागली. तो बाहेर पडताना पुटपुटला, वर अपील करेन. करू दे. ती त्याची पद्धतशीर वाट आहे. पण बाईने कोणाचं खाल्लं, हे मात्र त्याला म्हणता आलं नाही.

हा कायमचा तोडगा नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निधीची रक्कम म्हणजे कायद्यातला पगार नव्हे. आज आहे, उद्या आटू शकते. तक्ता बदलल्याशिवाय खरी निश्चिंती नाही. आम्हा कारकुनांना तर भत्ता मिळायला आणखी वर्ष लागलं, आणि त्यासाठी आम्हालाही कामं थांबवावी लागली. तेव्हा लमियांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. उलट पहिल्या दिवशी आमच्यासाठी मनाईशचं ताट पाठवलं, तीळ आणि झातरचा सुगंधी पाला लावलेल्या गरम भाकऱ्या.

मी निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. निरोपाच्या दिवशी त्यांनी कपाटातून तो रजेचा अर्ज काढला. तारीख कोरी, सही नाही. माझ्या हातात दिला.

"तुमचं अक्षर आहे, तुम्हीच ठेवा."

"मी काय करू याचं?"

"काहीही करा. मधाच्या बरणीखाली अंथरा. मला फक्त माझ्या घरात नकोय तो."

आणि मग, गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना पाहिलं नव्हतं तशा, खुर्चीत मागे रेलून त्या जांभई देत म्हणाल्या, "काल मी दहा तास झोपले, अबू वदीह. नबीलने उठवलं, म्हणाला दोन वेळा गजर वाजला."