लायब्ररीच्या पार्किंगमधून

जिथून जगाला इंटरनेट मिळालं असं म्हणतात, त्या देशात बसून माझी मुलगी आपल्या बाबांना तुकड्यातुकड्यांनी पाहत असे. आधी कपाळ यायचं, मग बऱ्याच वेळाने आवाज, मग तोंड अर्धवट उघडं असतानाच चित्र थांबायचं. इथे आखातात, अल ऐनमध्ये, आमच्या दोन खोल्यांत असं कधी झालं नाही. आमचं बिलही काही हलकं नसतं, आणि व्हिडिओवर बोलायला ठरावीक अ‍ॅपच घ्यावं लागतं, ही तक्रार आहेच. पण पैसे भरले की ते चालतं. तिच्याकडे पैसे भरले की वाट पाहायची असते.

माझ्या नवऱ्याचं फुप्फुस तेव्हा निकामी होत आलं होतं. 'आता घरी न्या,' असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा अर्थ आम्हा दोघांना कळला होता. एकमेकांना आम्ही तो सांगितला नव्हता. मुलीचे कागद तिकडच्या सरकारकडे अडकलेले. देश सोडून आली असती तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. 'येऊ नकोस,' असं ह्यांनीच तिला बजावलं. म्हणजे भेट व्हायची ती पडद्यावरच, आणि तीही किती दिवस, हे कोणी सांगत नव्हतं.

आमच्या संध्याकाळी पाचला, ऑफिसला जाण्याआधी, ती फोन करायची. अर्धा तास मिळायचा. त्यातला निम्मा 'दिसतंय का?', 'ऐकू येतंय का?', 'थांबा, मोडेम बंद करून परत लावते' यातच जायचा. ह्यांच्याकडे श्वास मोजके होते, आणि ते एका कंपनीच्या वायरीवर खर्च होत होते.

एकदा ह्यांनी विचारलं, "महिन्याला किती देतेस गं याचे?"

"वन टेन. आधी सत्तर होतं. वर्ष झालं की वाढवतात."

"एकशे दहा डॉलर!" ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ह्यांनी मोठ्याने हिशेब केला. "म्हणजे चारशे दिरहम. म्हणजे नऊ हजारांच्या वर रुपये. आणि त्यात माझं नाकसुद्धा तुझ्यापर्यंत पुरं पोचत नाही?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरी कंपनीच नाही, बाबा."

"मग ते त्यांना कशाला सांगायचं? फोन कर. म्हण, कमी करा, नाहीतर बंद करते. आणि गप्प बस."

जन्मभर ह्यांनी अशीच खरेदी केली. पुण्यात मंडईत, इथे गालिच्यांच्या दुकानात. भाव ऐकायचा, हसायचं, उठायचं, चालू लागायचं. दुकानदार 'हबीबी, हबीबी' करत दारापर्यंत यायचाच. कितव्या पावलाला हाक येईल तेही हे आधी सांगत. बहुधा सातव्या.

"बाबा, इट डझन्ट वर्क लाइक दॅट."

"सगळीकडे तसंच चालतं. फक्त मागे वळून पाहायचं नाही."

बाबांचं मन राखायला तिने फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवून झाल्यावर एक अतिशय सभ्य माणूस बोलायला आला. तुमच्यासारख्या ग्राहक जाताहेत याचं वाईट वाटतं, असं म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने कनेक्शन तोडून टाकलं. एक पाऊलसुद्धा चालू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने तेच परत मागितलं, तर ती आता नवी ग्राहक ठरली होती. माणूस नऊ दिवसांनी येणार, सकाळी आठ ते दुपारी चार यांमध्ये कधीही, घरी थांबा. आम्ही या घरात आलो तेव्हा कनेक्शनवाला दुसऱ्याच दिवशी आला होता. 'इन्शाल्ला, दहा मिनिटं,' म्हणाला आणि वीस मिनिटांत काम उरकून गेला. त्या वीस मिनिटांवरून मी तेव्हा नाक मुरडलं होतं.

मोबाइलवरून लावावं तर तिच्या तळमजल्यावर सिग्नलची एकच दांडी. 'बाबांना सांगू नकोस,' असा तिचा मेसेज आला. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी पाचला फोन वाजला आणि मुलगी पडद्यावर अख्खी आली. कॉलरची शिवणही दिसत होती.

"आज कसं काय एवढं स्वच्छ?" ह्यांनी विचारलं.

"लायब्ररीत आलेय, बाबा. शांत असतं इथे."

ह्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "लायब्ररीत पट्टा बांधून बसतात?"

तिने खाली पाहिलं. सीटबेल्ट तसाच होता. आधी ती हसली, मग रडली, मग सगळं सांगून मोकळी झाली. गावातली सार्वजनिक लायब्ररी दहाला उघडते, पण तिचं फुकटचं इंटरनेट बाहेर गाड्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत पोचतं.

"म्हणजे हाक आली नाही," हे म्हणाले.

"नाही आली."

"नालायक आहेत. धंदा कळत नाही त्यांना."

मी इथल्या एका शाळेच्या ग्रंथालयात चौदा वर्षं काढली, तेव्हा माझं मत एकतर्फी धरा. पण त्या श्रीमंत देशात नऊ हजारांचं अडखळत होतं आणि फुकटचं धावत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढचे दिवस 'दिसतंय का' हा शब्द कोणी काढला नाही. हे तिला बाहेरचं विचारत. लायब्ररीच्या दाराबाहेरच्या पेटीत वाचलेली पुस्तकं टाकून जाणारी ती म्हातारी आज आली का? किती टाकली?

आठव्या दिवशी बोलता बोलता ह्यांना झोप लागली. मी फोन उशीला टेकवून ठेवला. ती त्या दिवशी ऑफिसला गेली नाही, गाडीतच बसून राहिली. तासाभराने छातीवरची चादर हलायची थांबली. मला दिसलं होतं.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "चित्र थांबलंय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "चित्र चालू आहे."

दुसऱ्या दिवशी पावणेचारला कंपनीचा माणूस तिच्या दारात आला. जुना दर आता नाही, नवा एकशे पंचवीस, असं सांगून त्याने वायर जोडली. जाताना, आमच्या सेवेला किती तारे द्याल ते फोनवर कळवा, म्हणाला. तिने काहीच कळवलं नाही. बिल ती दर महिन्याला भरते. मला फोन करायला मात्र अजून लायब्ररीच्या पार्किंगमध्ये जाते.